खाऱ्या पाण्याची कॉफी

आमच्या घरी कॉफीचं मशीन आहे. गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. पोरीनं बंगलोरहून आणलं होतं, तिच्या मायसाठी. माय गेली, मशीन राहिलं. लोक म्हणतात, देऊन टाका कोणाले, नाहीतर पोरीकडे पाठवा. मी म्हणतो, राहू द्या, तुमचं काय खाते ते.

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे मशीन मी कितीदा तरी खोललं आहे, म्हणून त्याचं मले समजते. आत काही जादू नाही. मांगच्या बाजूले पाण्याची टाकी. टाकीच्या बुडाले भोक, भोकात रबराचा लहानसा पडदा. तो पाण्याले खाली जाऊ देते, वापस येऊ देत नाही. खाली नळी आहे, करंगळीएवढी, घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, आन् तिले चिकटून हिटरची कॉइल. नळीतलं पाणी उकळते, बुडबुडे होतात, आन् बुडबुडे पाण्याले ढकलत वर नेतात. मांगचा रस्ता पडद्यानं बंद, मंग पाणी जाईन कुठं, वरच चढीन. वरून ते थेंब थेंब जाळीच्या वाटीत पडते. वाटीत कॉफीची भुकटी. भुकटीतून गळून खालच्या काचेच्या जगमध्ये. जग ज्या तव्यावर बसते तो तवाही त्याच हिटरनं गरम राहते. पंप नाही, मोटर नाही. शेतातल्या मोटरपेक्षा सोपं काम आहे. सारा खेळ त्या नळीचा. नळी मोकळी तर मशीन चालते, नळी बुजली तर डबडं.

आन् नळी बुजवायले आमच्या गावच्या पाण्यासारखं दुसरं पाणी नाही.

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं, पूर्णेच्या काठाले. अकोला एस.टी.नं तासाभरावर. जमीन काळी, भारी, पण जमिनीच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, खारंच लागते. त्या पाण्यात साबणाले फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहा तोंडात चरचरते. पाणी भरायच्या गुंडाच्या आतून पांढरा थर बसते, तो खरवडला तर भिंतीले चुना लावता येईन.

माही बायको अंजनगाव सुर्जीकडची. तिच्या बापाचे पानाचे वेल होते, भाजीपाला होता. तिकडलं पाणी गोड. लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्यांदा आमचं पाणी तोंडात घेतलं आन् तसंच धरून माह्या आईकडे पाहत राहिली. थुंकावं तर सासू समोर, गिळावं तर गिळवत नाही.

आई म्हणे, "गिळ वं. होते सवय."

सवय झाली. पण तिनं त्या पाण्याले शिव्या देणं काही सोडलं नाही. डाळ कच्ची राहिली की पाणी, केस गळले की पाणी, पाहुणा रुसला की तेही पाणी. भांडण झालं की म्हणे, "माह्या बापानं पोरगी देतानी जमीन पायली, पोट्टा पायला, इहीर पायाची इसरला." आन् माहेरी चार दिवस राहून आली की काय म्हणे, तिकडचं पाणी आता गुळमट लागते, तहान जात नाही. मी म्हणो, तू कुठलीच राहिली नाही. ती म्हणे, तुमच्याच पायी.

पोरीनं मशीन आणलं ते दिवाळीत. कसं चालवायचं ते एकदा दाखवलं आन् सुट्टी संपली म्हणून निघून गेली. आमी दोघांनी पाहिलं होतं नीट, पण पाहणं आन् करणं वेगळं. आमच्या हाताले चहाची रीत. चहात दूध, पाणी, साखर, पत्ती, सगळं एका गंजात घालतो आन् उकळू देतो. त्याच रीतीनं तिनं टाकीत अर्धं दूध ओतलं, अर्धं पाणी, साखर घातली, वरून भुकटी सोडली. मी झाकण धरून उभा. बटन दाबलं. आधी गुडगुड झाली, मंग करपल्याचा वास सुटला, मंग टाकीतून फेस उतू जाऊन ओट्यावर आला. जगमध्ये टिपूस नाही.

पोरीले फोन लावला. ती तिकडं हसून हसून बेजार.

"माय, टाकीत फक्त पानी टाकाचं असते वं."

"मंग दूध?"

"दूध वरून, कपात. साखरबी कपात. भुकटी जायीच्या वाटीत."

"मंग ह्या मशीनीले येते काय? पानी त चुलीलेबी तापवता येते."

पण तिनं हार मानली नाही. कोमट पाणी टाकीतून कितीदा तरी चालवलं, तरी करपट वास जाईना. शेवटी मी मशीन उलटं करून बुडाचा पत्रा काढला. रबराचा पडदा सायीनं चिकटून बसला होता. तो काढला, धुतला, परत बसवला. तेव्हा मले पहिल्यांदा आतलं समजलं.

मंग तिचा हात बसला. अर्धा जग पाणी, दोन चमचे भुकटी, वर दूध नाही, साखर नाममात्र. पाणी आपल्या विहिरीचं. पोरीनं सांगितलं होतं की कॅनचं पाणी वापरजा, तेव्हा गावात पाण्याचे कॅन घेऊन गाडी येतच होती. हिनं एकदा कॅनच्या पाण्याची केली आन् तोंड वाकडं केलं. म्हणे फिक्की लागते. विहिरीच्या पाण्याची कडू कमी लागते, जिभेवर बसते. मले काही फरक कळत नव्हता. कॉफी मले कधी आवडलीच नाही. पण कपाच्या तळाचा घोट ती माह्यापुढं सरकवे, टाकून कशाले द्यायचा म्हणून, आन् मी तो पिऊन टाको. असे घोट पिऊन पिऊन मलेही ती चव कळाले लागली.

दुपारी मशीन गुडगुड करे तेव्हा माही वहिनी, शेजारीच राहते, ओसरीत येऊन बसे.

"काय वं, काढा उकयून रायली का?"

"घ्या ना बाई, घोटभर."

"मले नोको बाप्पा. तुह्या नवऱ्याले पाज. जीभ कडूच हाय त्याची, फरक नाई पडाचा."

मी ओसरीतच बसलेला असो. दोघीही माह्याकडे पाहत नसत.

वर्षाच्या आत मशीन रडाले लागलं. आधी आवाज वाढला. मंग पाणी कमी आन् वाफ जास्त. एक जग उतरायले दुपार जायची. मधेच बटनाचा दिवा विझे, थोडा वेळ थंड होई, परत लागे. हे काहून होते ते पोरीनं फोनवर समजावलं. नळीत आतून खार बसते. भोक बारीक झालं की पाणी सरकत नाही, एका जागीच तापते, आन् फार तापलं की मशीन स्वतःच बंद पडते, जळू नये म्हणून. औषध म्हणजे आंबट. निंबूसत, जे शरबतात घालतात, नाहीतर पांढरा शिरका, म्हणजे व्हिनेगर.

कोणाकडे असं मशीन असीन तर सांगून ठेवतो. जगभर पाण्यात दीड-दोन चमचे निंबूसत विरघळवा, टाकीत ओता, बटन दाबा. अर्धं पाणी वर चढलं की बंद करा आन् तसंच राहू द्या, जेवण करून या. मंग उरलेलं चालवा. जगमध्ये पांढऱ्या खपल्या पडतात, गढूळ पाणी पडते. ते फेका. मंग साधं पाणी दोनदा तीनदा चालवा, नाहीतर पहिली कॉफी आंबट होते. जाळी रोज साबणानं धुवा, कॉफीले तेल असते, ते जाळीच्या भोकात बसते आन् शिळा वास येते. काचेचा जग राखेनं घासू नका. आमच्या घरी घासला, त्याले ओरखडे पडले, ते आजही आहेत. भुकटी मैद्यासारखी बारीक असली तर वाटी तुंबते आन् काठावरून वाहते. जाड रवाळ पाहिजे.

आमच्या पाण्यानं मले हे सारं दर महिन्याले करावं लागे. पोरगी म्हणे, "बाबा, पानी बदला ना." तिची माय म्हणे, "मशीन बदलीन एखाद्या वक्ती, पानी नाई." जिनं उभी जिंदगी त्या पाण्याले शिव्या देल्या ती हे बोले.

मंग तिच्या पोटात गाठ निघाली.

त्याचं जास्त लिहीत नाही. सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी गेलं आहे. एवढंच सांगतो की तिले अन्नाचा वास सहन होईना. फोडणीचा वास आला की ओकारी. चहा नाही, दूध नाही, भाकरी तर दूरच. एक कॉफी जाई. सकाळी अर्धा कप, दुपारी अर्धा कप. डॉक्टरले विचारलं तर म्हणे, जे जाते ते द्या. त्यानं असं म्हटलं म्हणजे काय ते मले तिथंच समजलं.

तेव्हापासून मशीन मीच चालवलं. वहिनी आता ओसरीत येऊन काढ्याचं बोलत नव्हती. येई, जाळी धुऊन ठेवे आन् जाई.

अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा कॉफीची पंचाईत झाली. कँटीनची कॉफी म्हणजे गोड दुधाचा फेस. तिनं एक घोट घेतला आन् रुमालात थुंकला. मी गावी आलो, मशीन आन् भुकटीचा डबा पिशवीत घातला, आन् दुसऱ्या एस.टी.नं वापस गेलो. वॉर्डात तिच्या पलंगाजवळ पिन लावत होतो तर सिस्टर आली.

"काकाजी, हे काय? इस्त्री करून रायले का?"

"कॉफीचं मशीन हाय, बाई."

"इथं चालत नाई असं. डॉक्टर मले बोलतीन."

"बोलले त माह्याकडे पाठवजा. चौथी शिकेल मानूस हाय मी, मले बोलल्यानं काई होत नाई."

ती पोरगी हसली. म्हणे, त्यांच्या चहाच्या खोलीत लावा, आन् पटकन उरका. खोलीत पाण्याचं फिल्टर होतं. आता पाहा, मी घरून मशीन आणलं, भुकटी आणली, चमचा आणला, तिचा कपही आणला. पाणी आणायचं काही सुचलं नाही. पाणी काय, सगळीकडे असते. फिल्टरचं पाणी भरलं. काय झरझर उतरली कॉफी, असं मशीन आमच्या घरी कधी चाललं नव्हतं. मी खूश. कप घेऊन गेलो, तिले टेकवून बसवलं.

तिनं घोट घेतला. तोंडात धरून माह्याकडे पाहत राहिली. मंग गिळला.

"हे आपलं नोहे."

"तेच मशीन हाय. भुकटी तेच हाय."

"पानी आपलं नोहे. फिक्कं लागते."

"आखी जिंदगी त्या पान्याले शिव्या देल्या तू."

"शिव्या त तुमालेबी देल्या," ती म्हणे. मंग म्हणे, "उद्या आपलं आनजा. कॅनभर नोको. बाटलीभर पुरे."

बाटलीभर आणलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. चहाच्या खोलीत जाऊन आधी टाकी भरली, भुकटी घातली, म्हटलं तिले तोंड धुवायले लावतो, मंग बटन दाबतो. वॉर्डात गेलो तर पलंग रिकामा. रात्री तिले आतल्या खोलीत हलवलं होतं. काचेतून दाखवलं. तोंडात नळी होती. सिस्टरनं सांगितलं, काकाजी, आता तोंडानं काही देता येत नाही.

ती त्या खोलीतून परत आली नाही.

मशीन कोणीतरी पिशवीत घालून घरी आणून टाकलं. मले त्याचं भान नव्हतं.

दहाव्याले पूर्णेवर गेलो. आमच्याकडची रीत सगळ्यांले माहीत आहे. पिंड ठेवायचा, दूर व्हायचं, कावळा शिवला की मेलेल्याचा जीव अडकून नाही. कावळे होते. बाभळीवर बसले होते, ओरडून राहिले होते, पण खाली येईनात. सगळे हात जोडून एकेक कबूल करू लागले. पोरगी म्हणे, माय, मी बाबांकडे पाहीन. वहिनी म्हणे, तुह्या घराकडं मी ध्यान देतो वं बाई. तिच्या भावानं अंजनगावहून गोड पाण्याची बाटली आणली होती. त्याले वाटलं बहिणीचा जीव माहेरच्या पाण्यात असीन, आयुष्यभर तेच ऐकत आला तो. त्यानं पिंडाभोवती ते पाणी शिंपडलं. कावळे होते तिथंच.

महाराज म्हणे, "काही राहिलं असेल तर आठवा. ऊन चढून राहिलं."

मी म्हटलं, "कॉफी राहिली."

कोणी हसलं नाही. साळा म्हणे, "भाऊजी, फाट्यावरच्या हाटेलातून आनू का?" मी म्हटलं, ते नोको. इहिरीच्या पाण्याची पाहिजे, मशीनची. मी आनतो. आन् त्याच्याच मोटरसायकलवर बसून घरी आलो.

पिशवीतून मशीन काढलं. जाळीत दवाखान्यात भरलेली भुकटी तशीच, बुरशी चढलेली. टाकीतलं पाणी कुठं सांडलेलं, कुठं आटलेलं, आतून पांढरी पपडी. नळीत जे अडकलं होतं ते तिथंच सुकून बसलेलं. वाटी धुतली, ताजी भुकटी घातली, विहिरीचं पाणी ओतलं, बटन दाबलं. गुडगुड झाली. वाफ निघाली. दिवा विझला. परत लागला. परत विझला. जगच्या बुडाले थेंब नाही. थंड नळीत खार धरला तर तो एका बटनानं सुटत नसते. त्याले निंबूसत पाहिजे, वेळ पाहिजे. वेळ कुठं होता. साळा दारात उभा राहून मोटरसायकलची चाबी हातात फिरवून राहिला होता.

शेवटी गंजात पाणी उकळलं, भुकटी टाकली, फडक्यानं गाळलं आन् तोच गंज हातात धरून मांगं बसलो. रस्ताभर अंगावर सांडली.

नदीवर आलो तर लोक आंघोळीले उतरले होते. महाराजानं दर्भाचा कावळा करून पिंडाले शिववला होता. ऊन फार झालं म्हणे, पोरीले चक्कर येऊन राहिली होती. मले म्हणे, "काकाजी, शास्त्राप्रमाणे झालं. अडकून काही नाही."

मी म्हटलं, "गवताच्या कावयाले काय समजते?"

ते आपले भांडे आवरत राहिले. त्यांचं काही चुकलं नाही. मी गंज नदीत उपडा केला. पोरगी पाहत होती, तिनं तोंड फिरवलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी मशीन खोललं. नळीत पानाले लावतात तसला चुना, दगडासारखा. निंबूसताच्या पाण्यात नळी भिजू देली, सायकलच्या तारेनं हळूहळू कोरली. मोकळी झाली. जोडून पाणी चालवलं तर नव्यासारखं चाललं. तेव्हापासून मी रोज दुपारी करतो. अर्धा जग, दोन चमचे, विहिरीचं पाणी. महिन्याले निंबूसत. काम झालं की टाकीत पाणी ठेवत नाही, उपडं करून शेवटचा थेंब झटकतो. अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याले दाखवलं तर तो म्हणे, नळी आतून खाल्ली गेली, एक दिवस फुटीन, आन् याचं सामान मिळत नाही. मी म्हटलं, बरं.

कॉफी बरोबर होते आता. तळाच्या घोटाची होती तशीच. तिच्या फोटोपुढं एकदा ठेवून पाहिली. थंड झाली. मुंग्याही आल्या नाहीत, साखर कमी असते.

परवा पोरगी आली. फिल्टर बसवून देतो म्हणे, मशीनलेही चांगलं आन् तुमालेही. मी उठलो. कॉफी केली आन् कप तिच्यापुढं ठेवला. मले वाटलं, एका घोटात तिले समजीन. हिची पोरगी आहे, तिच्या हातची पिऊन गेलेली आहे दर दिवाळीले.

तिनं घोट घेतला आन् कपात पाहिलं.

"बाबा, खारी हाय हे."

"तुह्या मायची अशीच राहे."

"नाई बाबा. माय मले कॅनच्या पान्याची करून दे. माह्यासाठी कॅन भरूनच ठेवे ती. माह्या केसाले, माह्या पोटाले हे पानी सोसत नाई म्हणे." मंग म्हणे, "अशी त मी कधी पेलीच नाई."

हे मले माहीत नव्हतं. चाळीसेक वर्ष एका घरात राहून कॅन कोणासाठी भरला जाते ते मी पाहिलं नाही. असू दे. पण म्हणजे ती चव आता कोणाच्याच तोंडात नाही, माह्या सोडून. तिचा भाऊ गोड पाण्याचा, वहिनीनं कधी घोट घेतला नाही, पोरगी कॅनची. बरोबर झाली का, हे विचारावं असं माणूस उरलं नाही. कावळे तर आलेच नव्हते.

तिनं कप मोरीत ओतला, धुतला, पालथा घातला. मंग मशीन पुसत बसली, आन् जाताना टाकीचं झाकण दाबून बसवून गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर मी ते परत उघडं केलं. झाकण लावून ठेवलं की आत ओल राहते.